रानाचा षड्ज

आषाढांतील रात्र होती. बाहेर पाऊस असा कोसळत होता कीं, माजघरांतलें बोलणें ओटीवर ऐकूं येईना. आमचा नातू मात्र कानांत तीं नव्या तऱ्हेचीं बोंडें घालून, डोळे मिटून पडला होता. काय ऐकतोस म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें एक बोंड काढून आमच्या कानांत घातलें. आंत पाऊस पडत होता! दारचा फुकटचा पाऊस सोडून हा आणलेला पाऊस कशाला, असें आम्हीं म्हटलें, त्यावर तो शांतपणें म्हणाला, "आजोबा, हा मध्येंच थांबत नाहीं."

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं विशी-पंचविशीचीं मुलें आहेत त्यांना हा प्रकार परिचित असेल. इंग्रजींत त्यास ॲम्बियंट म्युझिक म्हणतात. आम्ही आपले आसमंताचें संगीत म्हणूं. गवई समोर बसला आहे आणि आपण माना डोलावीत आहों, असा हा मामला नव्हे. खोलींत उदाचा धूर असावा तसें हें संगीत असावें, लक्ष दिल्यास कांहीं हातीं लागावें आणि न दिल्यास त्यानें रुसूं नये, अशी त्याच्या कर्त्यांची अपेक्षा असते. फ्रान्समधील एरिक साती या रचनाकारानें १९१७ च्या सुमारास खुर्च्या-मेजांप्रमाणें घरांत नुसतें असणारें संगीत, अशी कल्पना काढली होती. पुढें १९७८ सालीं ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानें विमानतळांवर वाजविण्याजोगें संगीत म्हणून एक तबकडी काढली, आणि तेव्हांपासून हें नांव रूढ झालें. त्याच्या अनेक शाखा फुटल्या आहेत. त्यांतील एक शाखा जोडीनें काम करणारांची. एक जण रानांत, नदीकांठीं, बाजारांत जाऊन तेथले आवाज जसेच्या तसे टिपून आणतो. दुसरा त्यांच्या सोबतीनें बांसरी, सतार, व्हायोलिन असें विजेवांचून वाजणारें एखादें वाद्य वाजवितो. आमचा नातू बांसरी वाजवितो. त्याच्या एका मित्रापाशीं चांगलें ध्वनिमुद्रणयंत्र आहे. गेलें वर्षभर शनिवार-रविवार साधून या दोघांनीं मुरबाड आणि शहापूर हे तालुके पालथे घातले, आणि त्यांच्या या उद्योगांत सल्लागार म्हणून आम्हीही ओढले गेलों.

हें खूळ आजकालचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. १८८९ सालीं जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें लुडविग कोख नांवाच्या सात-आठ वर्षांच्या मुलानें एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, आपल्या पाळीव पक्ष्याचें गाणें उतरविलें. पक्ष्याच्या गाण्याचें आज माहीत असलेलें सर्वांत जुनें मुद्रण तें हेंच. आणि पक्षी कोणता? तर श्यामा, आपल्या सह्याद्रीच्या रानांतला. आमच्या डोंगरांतल्या पांखराच्या जातीनें पक्ष्याच्या गाण्याची आज माहीत असलेली पहिली ध्वनिमुद्रिका भरविली, आणि आपल्याकडील शंभरांतील नव्याण्णव सुशिक्षितांना त्याची शीळ ओळखतां येत नाहीं. आम्ही त्या नव्याण्णवांतलेच.

पुढें १९२४ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत बीॲट्रिस हॅरिसन या बाई सरे परगण्यांतील आपल्या बागेंत रात्रीं चेलो वाजवीत बसल्या, झाडींतून नाइटिंगेल पक्षी गाऊं लागला, आणि बी. बी. सी. नें तें सारें जागच्या जागीं आकाशवाणीवरून ऐकविलें. लोक इतके वेडावले कीं, पुढें प्रतिवर्षीं हा सोहळा होऊं लागला. (त्या पहिल्या रात्रीं पक्ष्याच्या जागीं नक्कल करणारें माणूस बसविलें होतें, अशी शंका अलीकडे काढण्यांत आली आहे. असो.) १९४२ सालीं, बाई तें घर सोडून गेल्यावरही, यंत्रज्ञ त्याच बागेंत पक्ष्यासाठीं तारा जोडून बसले असतां डोक्यावरून जर्मनीवर निघालेल्या बाँबफेकी विमानांचा ताफा जाऊं लागला. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून प्रक्षेपण थांबविलें. पण मुद्रण चालूं राहिलें. तें आजही ऐकतां येतें. विमानांची घरघर वाढत जाते, आणि पक्षी आपला गातच असतो. त्या बागेंत झालेल्या सर्व मुद्रणांत आम्हांस हेंच अधिक खरें वाटतें.

संस्कृत शिकलेल्या माणसाचें मन अशा वेळीं कालिदासाकडे धांवतें, त्यास आमचा इलाज नाहीं. ज्या वेळूंच्या छिद्रांतून वारा शिरून नाद निघतो त्यांस आपल्याकडे 'कीचक' हें स्वतंत्र नांव आहे. अमरकोशांत तें दिलेलें आहे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालय आपल्या गुहांच्या मुखांतून निघालेल्या वाऱ्यानें हे कीचक भरतो, तो जणूं गाऊं पाहणाऱ्या किन्नरांना आधाराचा सूर द्यावा म्हणून. मेघदूतांत तर सबंध मैफलच आहे: कीचकांत वारा भरला आहे, किन्नरी त्रिपुरविजय गात आहेत, आणि यक्ष मेघास सांगतो कीं, तुझी गर्जना दऱ्यांत मृदंगाप्रमाणें घुमली म्हणजे शंकराचें संगीत पुरें होईल. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. सूर देतो तो डोंगर. गाणारानें त्यांत मिळून जावयाचें असतें.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत बेडकांवर एक सूक्त आहे, तेंही या संदर्भांत आठवतें. वर्षभर मौन पाळून पहिल्या पावसाबरोबर बोलूं लागणाऱ्या बेडकांस ऋषीनें व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिली आहे, आणि एकाचा शब्द दुसरा उचलतो तो गुरूमागें शिष्यानें घोकावा तसा, असें म्हटलें आहे. चाळीस मुलांच्या वर्गांत पाढे म्हणून घेतलेल्या मास्तरास ही उपमा पटवून द्यावी लागत नाहीं.

तर आतां आमच्या जोडगोळीकडे वळूं. श्रावणांत हे दोघे मुरबाडकडून माळशेजच्या घाटांत गेले. तेथें पहांटे शीळ घालणारा कस्तूर बोलतो. इंग्रजांनीं त्यास 'शीळ घालणारें शाळकरी पोर' असें नांव दिलें होतें, आणि तें अगदीं यथार्थ आहे. कारण त्याच्या शिळेंत उनाड मुलाप्रमाणें तान सुरू होते, कांहींतरी आठवल्यासारखी थांबते, आणि भलतीकडेच जाते. मागें धबधब्यांचा अखंड घोष. नातवानें परत येऊन त्यावर बांसरी वाजविली. पहिल्या दिवशीं पांढरी चारची वाजविली, तीही जमली. दुसऱ्या दिवशीं काळी दोनची, तीही जमली. त्यास मोठा आनंद झाला. आम्हांस मात्र संशय आला, आणि त्याच्या मित्रानें त्याचा उलगडा केला. धबधब्यांत किंवा मुसळधार पावसांत एक असा स्वर नसतो. लहानमोठीं सर्व कंपनें तेथें एकदम चालूं असतात. त्यामुळें मनांत जो षड्ज धरावा तो कानास तेथें सांपडल्यासारखा होतो. दुसरे बारीकसारीक आवाज त्याखालीं झांकून जातात ते याच कारणानें, आणि म्हणूनच त्यावर झोंपही लागते.

म्हणजे पाऊस कोणाच्याही गाण्यास हरकत घेत नाहीं! बाजारांत पाऊस, लाटा आणि ओढे यांचाच एवढा खप कां, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें. हरकत घेणारे आवाज निराळे. आमच्या भागांत त्यांस तोटा नाहीं. तारप्याचीच गोष्ट घ्या. त्याचा खरा मुलूख जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू हा. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हां तो ठाण्यांतून गेला, आणि शहापूर-मुरबाड मागें राहिले. पण वाद्यें कांहीं जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहींत. वाळलेला भोपळा, दोन वेळूच्या नळ्या, रानचें मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्या सामग्रीचें हें वाद्य श्वास न तोडतां वाजवावें लागतें. नवें भात आलें म्हणजे त्याच्याभोंवतीं रात्रभर फेर चालतो. वाजविणारानें चाल बदलली कीं फेराचें पाऊल बदलतें. दुसरी थाळी. कांशाच्या थाळींत मध्यभागीं मेणानें एक काडी उभी चिकटवितात, आणि तीवरून चिमटीनें बोटें ओढीत भगत कथा गातो. थाळींतून जो गुणगुणणारा सूर निघतो तो त्या थाळीचा. भगताचा गळा त्याच्या मागून जातो.

आणि जातें. ज्यांच्या घरांत जातें होतें त्यांना त्याची घरघर सांगावयास नकोच. पुण्याचे गी पॉयतवँ (मूळचे फ्रेंच) व हेमा राईरकर या दोघांनीं खेडोपाडीं फिरून बायकांच्या जात्यावरील ओव्या एक लाखाहून अधिक जमविल्या. पुढें बर्नार बेल यांच्या साह्यानें त्यांतील पुष्कळ मुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनें लोकांपुढें ठेवल्या. आमच्या नातवास आम्हीं हें काम मुद्दाम दाखविलें. तें एवढ्यासाठीं कीं, तेथें गाणारणीचें नांव आहे, गांवाचें नांव आहे. नातवाच्या कानांतल्या त्या पावसास गांव नव्हतें.

वैशाखांत दोघे शहापूरकडे तानसाच्या रानांत गेले, ते रानपिंगळ्याच्या शोधांत. या लहानशा घुबडाची कथा विलक्षण आहे. १८८४ नंतर तें कोणास निश्चितपणें दिसलेंच नाहीं. नामशेष झालें असें धरून चालले असतां ११३ वर्षांनीं, १९९७ च्या नोव्हेंबरांत, शहाद्याजवळ तें अमेरिकन अभ्यासकांस सांपडलें. त्याचा आवाज कसा असतो हें शास्त्राच्या पुस्तकांत लिहिलें गेलें तें त्यानंतर. २०१४ सालीं तें आमच्या तानसाच्या अरण्यांतही आढळलें. मुद्रित हांक वाजवून त्यास पुढें ओढूं नका, मुकाट बसून वाट पाहा, असें आम्हीं बजावून पाठविलें होतें, आणि त्यांनीं तें पाळलें. पहांटे एका पाड्याच्या कडेस यंत्र मांडून ते बसले.

घुबड बोललें नाहीं. टँकर आला.

तानसाचें धरण १८९२ पासून मुंबईस पाणी पुरवीत आहे. पुढें भातसाचेंही पाणी तिकडे जाऊं लागलें. हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यांत आहेत, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें वृत्तपत्रें दरसाल छापतात. त्या पहांटे टँकरनें भोंगा दिला, कुत्रीं भुंकलीं, बायका धांवल्या, हंडे-कळशा एकमेकांवर आदळल्या, कोणी कोणास नांव घेऊन हांक मारली. मग टँकरची नळी कोरड्या विहिरींत सोडली, आणि पाणी तळावर पडूं लागलें.

हें सर्व यंत्रांत उतरलें होतें. घरीं आल्यावर दोघांत वाद झाला. नातवाचें म्हणणें, विहिरींत पडणाऱ्या पाण्याचा आवाज हुबेहूब माळशेजच्या धबधब्यासारखा आहे. तेवढा ठेवूं, भोंगा नि हंडे काढून टाकूं, म्हणजे बांसरी त्यावर सुरेख बसेल. भोंगा त्याच्या षड्जाशीं झगडत होता, हें खरें. मित्र म्हणाला, मग हा धबधबा आहे असेंच ऐकणारा समजेल. नातू म्हणाला, समजेना का, कानाला गोड लागलें म्हणजे झालें. निवाड्यास आम्ही. आम्हीं त्यास १९४२ सालच्या त्या बागेंतील मुद्रण ऐकविलें आणि म्हटलें, तुला विमानें काढून टाकतां आलीं असतीं तर पक्ष्याचें तेवढेंच गाणें राहिलें असतें. काढलीं असतींस का? तो उत्तर देईना. हा दृष्टांत त्यास पुरता पटला, असें आम्ही म्हणणार नाहीं. विमानें दूरचीं होतीं आणि भोंगा कानाशीं होता.

आमच्या वहिनी ऐंशीच्या पुढें आहेत, माहेर मुरबाडकडचें. त्या वाती वळीत बसल्या होत्या. माळशेज, कस्तूर, बांसरी यांवर त्यांनीं मान वर केली नव्हती. नातवानें वादाचा तो तुकडा पुन्हा लावला, आणि हंड्यांचा आवाज येतांच त्यांचे हात थांबले.

"पितळेचा नाहीं," त्या म्हणाल्या. "स्टीलचा आहे. आणि रिकामा आहे रे तो." जरा वेळ ऐकून म्हणाल्या, "दुसराही रिकामाच. कोणी लहान मुलगी धरून आहे. उंबरठ्यावर टेकवतेय वारंवार." पुढें पाण्याचा आवाज सुरू झाला तेव्हां त्या म्हणाल्या, "अगदीं तळ गांठलाय विहिरीनें. किती खालीं पडतंय बघ."

नातवानें तो तुकडा त्यांच्यासाठीं तीनदां लावला. त्यांचें मुद्रण अजून कोठें प्रसिद्ध झालेलें नाहीं. आमच्या ओटीवर तें वाजतें तेवढेंच. त्यांत मुरबाडच्या भागावर बांसरी आहे, आणि ती चांगली झाली आहे. शहापूरच्या भागाच्या आरंभीं नातवानें आपल्या आवाजांत पाड्याचें नांव आणि तिथि सांगितली आहे. नंतर भोंगा, कुत्रीं, हंडे, पाणी. टँकर निघून गेल्यावर बऱ्याच वेळानें एक साधा कावळा ओरडतो, आणि त्याच्या मागून बांसरीचा एकच लांब सूर येतो. तो सूर भोंग्याच्या स्वरांत आहे, हें आम्हांस दुसऱ्या वेळीं ऐकतांना कळलें.