ऋतुचक्र, कॅमेरा आणि संयम

राजस्थानातील भरतपूर येथे केवलादेवाचे एक जुने मंदिर आहे. त्याच मंदिराच्या नावाने ओळखले जाणारे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान त्याच्या सभोवार पसरलेले आहे. मंदिरापासून जवळच एक दगडी फलक उभा आहे. संस्थानी राजवटीत येथे बदकांच्या ज्या शिकारी होत, त्यांचा हिशेब त्यावर कोरलेला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, असे तो फलक सांगतो. तारीख, प्रसंग, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या एवढेच त्यावर आहे. ते पक्षी कोणते होते, कोठून आले होते, काय खात होते, याविषयी त्या दगडावर एक अक्षरही नाही.

आज त्याच बांधांवरून लोक कॅमेरे घेऊन हिंडतात. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, ही निःसंशय आनंदाची गोष्ट होय. तथापि एक प्रश्न विचारावासा वाटतो. बदलले ते केवळ हातातील साधन, की त्यामागील दृष्टीही? पाहिलेल्या पक्ष्यांची संख्या वाढविणे, दुर्मिळ पक्ष्याचे चित्र मिळेपर्यंत त्याचा पाठलाग करणे आणि ते मिळताच पुढील स्थळाकडे धाव घेणे, ही वृत्ती त्या फलकाहून फारशी दूर नाही. वन्य प्राण्याच्या छायाचित्राला खरे मोल येण्यास दोन अटी आहेत, असे आमचे मत आहे. पहिली अट अशी की, चित्राबरोबर त्याचा काळ आणि स्थळ नोंदलेले असावे. दुसरी अट अशी की, ते घेताना त्या जिवाच्या जीवनक्रमात व्यत्यय आलेला नसावा.

पहिल्या अटीचे कारण भरतपूरचे वर्षच सांगते. पावसाळ्याच्या आरंभी अजान बांधाचे पाणी उद्यानात सोडले जाते आणि त्याबरोबर माशांची पिल्लेही येतात. मग पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर पाणकावळे, बगळे, तिरंदाज आणि करकोचे यांची वसाहत वसते. चित्रबलाक साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात घरटी बांधतात, कारण पिल्लांना भरविण्यास लागणारे मासे त्या काळी विपुल असतात. हिवाळ्यात देखावा पालटतो. तलवार बदके, थापट्ये, कलहंस आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब पाण्यावर उतरतात. दुपारच्या उन्हात अजगर बिळाबाहेर येऊन अंग शेकत पडतात. उन्हाळ्यात पाणी आटते, चिखलाला भेगा पडतात आणि उरल्यासुरल्या डबक्यांपाशी चितळ, सांबर व नीलगाय एकत्र येतात. स्थळ एकच, परंतु तीन ऋतूंत तेथे जणू तीन निरनिराळी जगे नांदतात. जो केवळ जानेवारीत दोन दिवस येऊन गेला, त्याने या ग्रंथाचे एकच पान वाचले.

ऋतूबरोबर पक्ष्याचे रूपही बदलते. लांब शेपटीचा कमळपक्षी विणीच्या काळात सोनेरी मानेचा आणि डौलदार पिसाऱ्याचा असतो. हिवाळ्यात ती शेपटी गळून गेलेली असते व रंगही मंदावलेला असतो. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळाधमक दिसतो, तर इतर काळी तो मादीसारखाच मळकट असतो. तारीख नसलेली अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, तर नवशिका विद्यार्थी त्यांस दोन भिन्न जाती समजेल. तारीख लिहिली की तीच चित्रे पक्ष्याच्या वर्षाची कथा सांगू लागतात.

नोंद किती मोलाची ठरते, हे कित्येकदा तो पक्षी नाहीसा झाल्यावरच उमगते. पश्चिम सायबेरियातून शुभ्र सायबेरियन क्रौंच दर हिवाळ्यात भरतपुरास येत असत. १९६०च्या दशकाच्या मध्यास त्यांची संख्या सुमारे दोनशे होती. ती घटत गेली आणि २००१-०२च्या हिवाळ्यात येथे अखेरची जोडी दिसली. आज तेथे तो क्रौंच नाही. ज्यांनी त्याचे चित्र दिनांकासह जपून ठेवले, त्यांनी एक साक्ष जपली. ज्यांनी ते केवळ भिंतीवरील शोभेसाठी टांगले आणि तारीख विसरले, त्यांच्याजवळ एका सुंदर पक्ष्याचे चित्र तेवढे उरले.

स्थळ-काळाची नोंद आणि शास्त्र यांचा संबंध वाघाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी जंगलातील वाटेवर तार ताणून, वाघानेच पाय लावून आपले चित्र घ्यावे अशी योजना केली. त्यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. म्हणून अशा चित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले होते. या चित्रांपैकी बहुसंख्य चित्रे कोणी दिवाणखान्यात लावणार नाही. काही धूसर, काही अर्धवट. परंतु प्रत्येकावर वेळ आणि स्थळ आहे, म्हणून ती शास्त्राच्या उपयोगी पडतात. सौंदर्य आणि उपयुक्तता यांत विरोध आहे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. सुंदर चित्रानेही आपली तारीख विसरू नये, इतकेच म्हणणे आहे.

आता दुसऱ्या अटीकडे वळू. घरट्यावरील पक्ष्याचे चित्र सर्वांस प्रिय असते. पिल्लांच्या उघड्या चोची पाहून कोणाचेही मन द्रवते. परंतु त्या चित्राची किंमत कोण देतो? करकोच्याची लहान पिल्ले उघड्या घरट्यात असतात. कडक उन्हात आईबाप त्यांच्यावर पंख पसरून सावली धरतात. माणूस फार जवळ गेला की ते उडून जातात. मग ऊन, कावळे आणि घारी यांच्या तावडीत पिल्ले सापडतात. झुडपातील घरटे नीट दिसावे म्हणून समोरची फांदी कापली, तर छायाचित्रकाराला ते जसे दिसते तसेच शत्रूलाही दिसते. ध्वनिमुद्रित साद वाजवून नराला पुढे बोलाविले, तर प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चारा शोधण्याचा वेळ नसलेल्या शत्रूमागे दवडतो. शेकत पडलेल्या अजगराभोवती गर्दी झाली, तर तो थंड अंगानेच बिळात परततो. यांपैकी कोणतीही हानी चित्रात उमटत नाही. चित्र निर्दोष दिसते आणि दोष मागे राहतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ई. एच. एन. लोथर यांच्यासारख्या जुन्या छायाचित्रकारांनी आडोशात बसून घरट्यांवरच तर आपले काम केले. त्यांचा ग्रंथ १९४९ साली निघाला. त्यांना दोष द्यावयाचा काय? मुळीच नाही. त्या काळी भिंगे आखूड होती, कॅमेरे जड होते, आणि पक्षी निश्चित कोठे परतेल हे केवळ घरट्यापाशीच सांगता येई. शिवाय अनेक पक्ष्यांच्या विणीविषयी फारच थोडी माहिती होती. आज दूरवरून टिपणारी भिंगे सुलभ आहेत. पूर्वीची अडचण सरली आहे; मग पूर्वीची सवलत कोणत्या आधाराने मागावी?

आपल्या कायद्याची भूमिकाही विचार करण्याजोगी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. म्हणजे बंदूक हाती न धरताही मनुष्य शिकारी ठरू शकतो. हे वाक्य प्रत्येक छायाचित्रकाराने आपल्या कॅमेऱ्याच्या पिशवीवर लिहून ठेवावे, असे आम्हांस वाटते.

यास्तव शाळांना आमची सूचना अशी आहे. दूरच्या अभयारण्याची सहल घडली तर उत्तमच. परंतु खरा अभ्यास जवळच्या तळ्यापाशी, शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या अंगणातील वडाखाली होऊ शकतो. एक जागा निश्चित करावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ठरलेल्या वेळी, त्याच ठिकाणी उभे राहून चित्रे घ्यावीत. कॅमेरा साधा असला तरी चालेल. प्रत्येक चित्रामागे दिनांक, वेळ, हवामान, प्राण्याचे नाव आणि तो काय करीत होता, हे वहीत लिहावे. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरू नये. घरटे आढळल्यास त्याची नोंद शिक्षकांपाशी ठेवावी, परंतु त्याचे स्थळ चारचौघांत सांगू नये. पक्षी मान उंचावून आपल्याकडे पाहू लागला किंवा चारणे थांबवू लागला, की आपण मर्यादा ओलांडली असे समजून मागे सरावे.

ही वही सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. पहिल्या वर्षी ती साधी दिसेल. दहा वर्षांनी तीत पाऊस उशिरा आल्याच्या, तळे आटल्याच्या, एखादा पाहुणा पक्षी येईनासा झाल्याच्या खुणा दिसू लागतील. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ जातींचा विचार करण्यात आला, आणि त्यास आधार होता तो सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींचा. त्यांतील बहुतेक लोक व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी पाहिले, लिहिले आणि ते जपले.

भरतपूरचा दगडी फलक आजही उभा आहे आणि तो तसाच राहावा. विद्यार्थ्यांनी तेथे थांबून ते आकडे जरूर वाचावेत. मग पाण्याकडे वळून, योग्य अंतरावर राहून, एखाद्या चित्रबलाकाचे चित्र घ्यावे व वहीत दिनांक लिहावा. त्यानंतर काही वेळ कॅमेरा खाली ठेवून तो पक्षी पिल्लांना कसा भरवितो, हे नुसते पाहावे.