दुःख लिहून आण, प्रवेश देतो!

वस्तीतल्या मुलीने परदेशातल्या कॉलेजच्या अर्जाचा निबंध एखाद्या शिक्षिकेला दाखवला की ती फसवणूक, आणि बंगल्यातल्या मुलाने तोच निबंध लाखांत फी घेणाऱ्या सल्लागाराकडून घडवून घेतला की ते मार्गदर्शन! हा न्याय इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकला आहे की आता लिहिणं भाग आहे. त्यातली काही तोंडं आपल्या चळवळीतलीच आहेत, हेही आधीच सांगून टाकते.

ज्या मैत्रिणींना या अर्जांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत. 'कॉमन ॲप' नावाचा एक अर्ज हजाराहून अधिक कॉलेजं स्वीकारतात; त्यातला निबंध २५० ते ६५० शब्दांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देऊन चारांची उत्तरं मागतं, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. विषय फिरून फिरून एकच: मी.

आणि इथेच आपली मुलगी अडते. दहा वर्षं तिने 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' गाईडातून पाठ करून लिहिलेलं असतं. पुस्तक बोललं, नदी बोलली, मोडकी खुर्ची बोलली. ही तेवढी बोलली नाही. घरी 'मी' म्हटलं तर तो आगाऊपणा. अशा मुलीला एकदम 'स्वतःबद्दल लिही' म्हणायचं आणि मदत घेतली तर भुवया उंचवायच्या?

चांगली लेखन-शिक्षिका काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या वस्तीतल्या एकीने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.' बाईंनी विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस? साडेचारला, नळाला पाणी येतं म्हणून. रांगेचा नंबर कोण ठरवतं? मीच, नववीपासून वही ठेवली आहे. भांडण झालं तर? वही दाखवते. एखादी आजारी असली तर? तिचा हंडा पुढे. वहीतले हे नियम हीच तर लिहायची गोष्ट होती, आणि मुलीला ती लिहिण्याजोगी वाटलीच नव्हती. बाईंनी स्वतःचं एक वाक्य घातलं नाही, सात-आठ प्रश्न विचारले. सुईणीला कुणी बाळाची आई म्हणत नाही.

बाईंची वाक्यं मुलीच्या नावावर गेली तर ती लबाडीच, फुकट असो की पैसे मोजून. पण हे सोवळं पाळणारे प्राध्यापक शिफारसपत्र मागायला गेलेल्या मुलीला काय सांगतात? 'तूच लिहून आण, मी सही करतो.' त्याला फसवणूक म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

ही निबंधाची पद्धत काही देवाघरून आलेली नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, कोलंबिया अशा विद्यापीठांना परीक्षेत पुढे येणारी ज्यू मुलं जास्त वाटू लागली. तेव्हा मार्कांपेक्षा 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहायचं ठरलं, अर्जावर फोटो आला, आईचं माहेरचं नाव आलं. आडनावावरून जात हुडकणाऱ्या आपल्या समाजाला यातलं काहीच नवीन वाटू नये. मुलांनी स्वतःविषयी काय नि कसं सांगावं याला महत्त्व आलं ते या वाटेने.

आता दुसरी बाजू, जिच्यामुळे मला जास्त राग येतो. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द केली, मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात सांगायला हरकत नाही, असंही म्हटलं. म्हणजे हक्काचा दरवाजा बंद, कहाणीची खिडकी उघडी. कहाणीची मागणी आपल्याकडच्या क्लासवाल्यांना तर आधीपासूनच कळलेली आहे. पुण्यातल्या अशा एका क्लासमध्ये सवलतीत शिकणाऱ्या आमच्या मुलीला सांगितलं गेलं, वडिलांचं दारू पिणं, आईला मारणं 'वर आणा', पहिल्याच परिच्छेदात. तिची आई आमच्या केंद्रात येते. तिच्या केसचा कागद तिच्या संमतीशिवाय आम्ही कुणाला दाखवत नाही, कारण ती बाई आजही त्याच घरात राहते. तिला कुणी विचारलं? मुलगी मला म्हणाली, "ताई, आईला इंग्रजी येत नाही, तिला कळणारच नाही." हा युक्तिवाद अठरा वर्षांच्या पोरीला सुचलेला नव्हता, तो तिला पुरवला गेला होता. नंतर तिने तो भाग काढला. त्यावर क्लासचा सवाल: मग निबंधात उरलं काय?

कुणी म्हणेल, 'मौन सोडा' असं वर्षानुवर्षं आपणच म्हणत आलो ना? हो. एखादीला स्वतःहून लिहायचं असेल तर तिला अडवणारी मी कोण! पण आपण मौन सोडायला सांगितलं ते मारणाऱ्याला जाब विचारण्यासाठी. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तिच्यामागे शाळा होती, शिक्षक होते, म्हणून तो निबंध तिचा नाही असं होत नाही. ती दया मागत नव्हती, ज्यांनी छळलं त्यांना बोलत होती. आजच्या अर्जाला मात्र दुःख हवं ते बेताचं, आणि शेवटी 'यातून मी घडले' म्हणून हसणारं.

अर्ज भरूच नयेत असं मी म्हणत नाही, जरूर भरावेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. पण त्यासाठी आधी नामांकित विद्यापीठात प्रवेश हवा, प्रवेशाला निबंध हवा, आणि तो लिहिताना शेजारी कुणी बसायचं याची तरतूद कुठेच नाही. समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांत लेखन-शिक्षिकेचं मानधन मंजूर व्हायला हवं. तोवर ते आपल्यालाच करावं लागेल. एक नियम मात्र ठरवून घेऊ: निबंधात आईविषयी जे असेल ते आईला आधी मराठीत वाचून दाखवायचं, ती नको म्हणाली तर काढायचं.

आमच्या केंद्रात दोन निवृत्त शिक्षिका शनिवारी दुपारी येतात. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणून ऑगस्ट ते डिसेंबर कामाचे. इंग्रजी नीट येणारी आणि मुलीचं वाक्य स्वतः न लिहिता थांबू शकणारी आणखी एक जण हवी आहे.