इमारत आधी कॉम्प्युटरवर, मग जमिनीवर: याने वीजबिल आणि राडारोडा खरंच कमी होतो का?

पुनर्विकासात नवा फ्लॅट मिळतो, पण पश्चिमेकडची बेडरूम मे महिन्यात भट्टीसारखी तापते. मग एसी येतो, बिल वाढतं. ही चूक पाया खणण्याआधीच लक्षात येऊ शकते का? हो, येऊ शकते.

प्रश्न किती मोठा?

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार जगातल्या ऊर्जा आणि उत्पादन प्रक्रियांशी निगडित कार्बन उत्सर्जनात इमारती व बांधकामाचा वाटा २०२२मध्ये सुमारे ३७ टक्के होता. घरात वापरली जाणारी वीज त्यात येतेच, शिवाय सिमेंट आणि पोलाद तयार करतानाचं उत्सर्जनही येतं.

बीआयएम म्हणजे काय?

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचं डिजिटल मॉडेल. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. इथे त्या भिंतीची जाडी, साहित्य आणि प्रमाणही नोंदलेलं असतं. ड्रेनेजचा पाइप बीममधून जात असेल तर ते स्क्रीनवरच कळतं. नंतरची तोडफोड टळते, माल मोजून मागवता येतो आणि राडारोडा कमी होतो.

सिंगापूरने २०१५पासून ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पांसाठी असे आराखडे सक्तीचे केले. ब्रिटनने २०१६मध्ये केंद्र सरकारच्या प्रकल्पांसाठी ते बंधनकारक केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोने ‘फाइव्ह-डी’ मॉडेल वापरलं. त्यात लांबी, रुंदी, उंचीसोबत वेळ आणि खर्चही जोडलेला असतो.

उष्णतेचा हिशेब

‘इको निवास संहिता २०१८’ ही केंद्राची निवासी इमारतींसाठीची संहिता. थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तिने प्रति चौरस मीटर १५ वॅट ठरवली. खिडकीची दिशा, काच, छज्जा, भिंतीचं साहित्य ही माहिती भरली की आकडा समोर येतो. मायवान पद्धतीची काँक्रीटची भिंत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत सोडते. हा फरक कॉम्प्युटरवर काही मिनिटांत दिसतो. इमारत उभी राहिल्यावर तो दुरुस्त करणं मात्र महागात पडतं.

थ्री-डी प्रिंटिंग हे उत्तर आहे का?

बेंगळुरूत ऑगस्ट २०२३मध्ये थ्री-डी प्रिंटेड टपाल कार्यालय सुरू झालं. सुमारे १,०२१ चौरस फुटांचं हे काम दीड महिन्याच्या आत झालं. शटरिंग वाचतं हे खरं. पण प्रिंटिंगच्या मिश्रणात सिमेंटचं प्रमाण अनेकदा जास्त असतं. त्यामुळे झटपट बांधलेली इमारत पर्यावरणपूरक असेलच असं नाही.

घोडं कुठे अडतं?

मॉडेलचा खर्च बिल्डर करतो आणि कमी वीजबिलाचा फायदा रहिवाशाला होतो. मग बिल्डरने हा खर्च का करावा? शिवाय मॉडेलमध्ये एक ब्लॉक आणि साइटवर दुसराच, असं झालं तर सगळा हिशेब कागदावर राहतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या, पण साइटवर तपासणी झाली नाही तर त्या नियमाला अर्थ उरत नाही.

पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी सोसायटीने तीन गोष्टी मागाव्यात: उष्णतेचा हिशेब, साहित्य बदलल्यास लेखी कळवण्याची अट आणि ताबा देताना इमारतीचं अंतिम डिजिटल मॉडेल. कारण बिल्डर काही वर्षांत निघून जातो, बिल मात्र पुढची पन्नास वर्षं रहिवासीच भरतात.