ती जेवली की नाही, हे कोण पाहते?

'आमच्या वस्तीतल्या पोरींना धड पोटभर मिळत नाही, आणि तुम्ही मुद्दाम उपाशी राहणाऱ्या पोरींचे काय घेऊन बसलात?' किशोरवयीन मुलींच्या खाण्याच्या विकारांचा विषय बैठकीत काढला की हे उत्तर ठरलेले. बोलणारी मनापासून बोलत असते. रेशनचा, कुपोषणाचा प्रश्न तिने वर्षानुवर्षे लावून धरलेला असतो. तरीही तिचे म्हणणे चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत भोसरी, थेरगाव, काळेवाडीपासून चाकणजवळच्या खराबवाडी-म्हाळुंग्यापर्यंतच्या मुली मोजत आहेत.

हे चोचले नाहीत, आजार आहेत. ॲनोरेक्सियात मुलगी जेवण तोडत जाते, वजन घसरते, पाळी थांबते, हृदयाचे ठोके मंदावतात. बुलिमियात ती एका बैठकीला भराभर खूप खाते आणि मग घशात बोटे घालून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन ते बाहेर काढते. तिचे वजन चारचौघींसारखेच दिसू शकते, म्हणून ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते. उपासमारीने हृदय बंद पडते, आणि काही मुली आत्महत्या करतात.

एका चाळीतली दहावीतली मुलगी सांगते. आई कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून देते. मुलगी पहाटे उठून साठ-सत्तर चपात्या लाटायची, भाजी भरायची, धाकट्या भावाला आग्रहाने वाढायची. स्वतः मात्र 'शाळेत खाल्लं' म्हणायची, आणि शाळेत 'घरून जेवून आले'. आठ महिन्यांत दोन्हीकडे कोणाला पत्ता नाही. उलट शेजारणी म्हणत, 'पोरगी किती कामाची, खादाडपणा म्हणून नाही!' चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पाळी बंद आहे का, हे कोणी विचारले नाही. दुसऱ्यांसाठी आवडीने रांधणे आणि स्वतः न खाणे ही या आजाराची ओळखीची खूण आहे. आपल्याकडे तिला गुण म्हणतात.

मुद्दा इथेच आहे. ज्या घरात बाईने सगळ्यांत शेवटी, उरलेसुरले खावे हा सद्गुण मानला जातो, त्या घरात मुलीची उपासमार दिसणारच कशी? बाप सेकंड शिफ्टला, आई डब्यांत नाहीतर पॅकिंगच्या कामावर, भाऊ क्लासला. ताट एकत्र मांडले जातच नाही. त्यात उपवासांचा पडदा. चतुर्थी, गुरुवार, सोळा सोमवार, नवरात्र. घरात पूर्वी नसलेले उपवास चौदा वर्षांची मुलगी एकेक करून धरू लागली, तर कौतुक करण्याआधी उपवास कधी सोडते, सोडते का, हे पाहायला हवे.

डॉक्टरांचीही अडचण होते. १९९५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुण मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या खात नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन भराभर उतरले होते, पाळी गेली होती. पण पाश्चात्त्य पुस्तकात असते तशी स्वतःच्या शरीराविषयीची विकृत कल्पना त्यांच्यात दिसत नव्हती, म्हणून निदानाला फार अडचण आली. आपली मुलगी 'मी जाड आहे' असे म्हणेलच असे नाही. 'पोट फुगतं', 'गिळवत नाही', 'इच्छाच होत नाही' असे ती म्हणेल. तिला कोणत्या शब्दांत दुखते, हे वस्तीत काम करणारी बाई तज्ज्ञापेक्षा आधी ओळखू शकते.

आणि हो, रक्तक्षय खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणूनच आजार त्यामागे सहज दडतो. आठवड्याची निळी गोळी जरूर द्यावी. पण जी मुलगी ताटच टाळते, तिचा प्रश्न गोळीने सुटत नाही.

गरिबी या आजारापासून वाचवते, हा समज तर सोडूनच द्यावा. फिजी बेटांवर भरल्या अंगाचे कौतुक असे. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. त्या वेळी वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी शाळकरी मुलगी पाहणीत एकही सापडली नव्हती. १९९८ मध्ये शंभरातल्या सुमारे अकरा सापडल्या. आपल्याकडे १९९४ मध्ये दोन विश्वसुंदऱ्या झाल्या, १९९६ मध्ये बंगळुरूच्या स्पर्धेविरुद्ध स्त्रीसंघटना रस्त्यावर उतरल्या. ते व्यासपीठ आज प्रत्येकीच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे आणि परीक्षक शेजारच्या बाकावर. शिवाय स्थळ पाहायला येणाऱ्यांना 'सडपातळ' हवी असतेच. (मुलगेही यातून सुटलेले नाहीत. व्यायामशाळेतला पोरगा पावडरवर जगू लागला की घरचे अभिमानाने सांगतात.)

ओळखायचे कसे? जेवणानंतर लगेच मोरीत जाऊन नळ सोडणे. बोटांच्या पेरांवर दातांचे वण, फुगलेले गाल, झिजलेले दात. मे महिन्यातही थंडी वाजणे, अंगावर बारीक लव येणे, केस गळणे. चपातीचे कण करून ताटभर पसरणे, ढगळ कपडे, चारचौघांत खाणे टाळणे. अशी मुलगी दिसली तर 'खा गं, किती वाळलीस' म्हणू नका, 'आता बरी भरलीस' हे तर मुळीच नको. तिच्या वजनाविषयी न बोलता झोप, थकवा, पाळी, भीती यांबद्दल विचारा. आणि शाळांना सांगा की तपासणीत वजनाचा आकडा वर्गासमोर मोठ्याने वाचू नये. पाळी अनियमित म्हणून तेरा वर्षांच्या मुलीला 'वजन कमी कर' एवढेच सांगून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही जाब विचारला पाहिजे.

चक्कर, छातीत धडधड, वारंवार उलट्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालय. रक्तातले पोटॅशियम आणि ईसीजी तपासायला सांगा. खूप दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घरी एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताने वाढवावा लागतो.

पुढचा उपचार लांबीचा. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात पुढे आलेली कौटुंबिक उपचारपद्धती किशोरवयीन ॲनोरेक्सियात गुणकारी ठरली आहे. त्यात आईबापांना दोषी न धरता मुलीच्या जेवणाची जबाबदारी काही महिने त्यांच्याकडे दिली जाते. प्रत्येक जेवणाला कोणीतरी तिच्यासमोर बसायचे, न चिडता, न भीक मागता. हे आपल्याकडे आणले की 'कोणीतरी' म्हणजे आई, हे आताच सांगून ठेवते. काम सोडेल ती, रोज बुडवेल ती, आणि मुलगी सुधारली नाही तर बोलणी खाईल तीच. ईएसआयची आजारपणाची रजा कामगाराच्या स्वतःच्या आजारासाठी असते. मुलीसमोर ताट घेऊन बसायला रजा नाही. युनियनच्या मागणीपत्रकात ही रजा का नसावी? आणि तोवर बापाने आपल्या शिफ्टप्रमाणे एक जेवण उचलावे. त्या पंगतीत आईचेही ताट त्याच वेळी वाढलेले असावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्क दिलेला आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो, तो वस्तीत लिहून लावा. पण फोनवर ईसीजी निघत नाही. श्रीमंत म्हणून मिरवणाऱ्या पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे आपण मागायचे ते असे: वायसीएममध्ये आठवड्यातून एक दिवस, एकाच खोलीत बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ, वेळ संध्याकाळची, म्हणजे फर्स्ट शिफ्ट संपवून आईबाप दोघेही येऊ शकतील. चाकणच्या मुलींनाही तिथे हद्दीचे कारण सांगून परत पाठवायचे नाही.