आधी ब्रेक ऑइल, मग बाकीचं

लाल रंगाचे मोठे कॅलिपर दिसतात छान. पण ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर स्पोर्ट्स कार नेणार असाल, तर तो खर्च जरा थांबवा. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. पुढची आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर गर्रकन फिरते. म्हणून फक्त मागचे पॅड कडक बसवू नकाच. फक्त पुढचे बदलले, तर मागचे नुसते सोबतीला! चारही चाकांना एकाच प्रकारचे घ्या. त्याआधी ब्रेक ऑइल बदला. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं. ओलावा शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, आणि मग पेडल पोकळ लागतं.