दवाखाना कोणासाठी?

गरिबांच्या दवाखान्याला देखणेपण कशाला हवे? औषध मिळाले म्हणजे झाले, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मला हा विचार मुळातच घातक वाटतो. लंडनमधल्या फिन्सबरी या बरोने त्याला चोख उत्तर दिले होते.

बरो म्हणजे तिथल्या महानगरातली छोटी नगरपालिकाच. १९३० च्या दशकातले फिन्सबरी म्हणजे दाट वस्ती, कोंदट खोल्या, क्षय आणि मुलांमधला मुडदूस. आरोग्याच्या सोयी होत्या, पण विखुरलेल्या. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू व्हायला १९४८ साल उजाडायचे होते. बरोच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष होते डॉ. चुनीलाल कटियाल, एक भारतीय! १९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती त्यांच्याच घरी. सर्व सेवा एका छपराखाली आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि १९३८ मध्ये फिन्सबरी आरोग्य केंद्र उघडले. क्षयरोग, दात, पाय, स्त्रियांचे आजार यांचे विभाग तिथे होतेच. शिवाय घरातले कपडे-अंथरूण निर्जंतुक करून देण्याची सोयही होती.

वास्तुरचनाकार बर्थोल्ड लुबेत्किन यांनी इमारतीचे दोन भाग पसरलेल्या बाहूंसारखे ठेवले. आत काचेच्या विटांतून उजेड, भिंतींवर मोकळ्या हवेचा महिमा सांगणारी चित्रे. रोग्याने याचक म्हणून नव्हे, हक्काने आत यावे, ही भूमिका. १९४२ मध्ये एब्रम गेम्स यांनी हे केंद्र युद्धकालीन भित्तिपत्रकावर रेखाटले. त्यामागे पडक्या भिंती आणि मुडदूस झालेले मूल. चर्चिलना ते खपले नाही, पत्रक मागे घेतले गेले.

हे सारे खर्चिक नव्हे काय? फिन्सबरी काही धनाढ्यांची वस्ती नव्हती. आणि अंधाऱ्या, अपमानास्पद दवाखान्याची पायरी माणूस दुखणे विकोपाला गेल्यावरच चढतो. तोवर क्षय घरभर पसरलेला असतो. तो खर्च कोणत्या अंदाजपत्रकात मांडायचा?

कटियाल पुढे स्वतंत्र भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे महासंचालक झाले. म्हणजे हा वारसा आपलाही आहे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला रस्ते-गटारांबरोबर एवढेही विचारू या: आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात बसायला बाक, प्यायला पाणी आणि वेळेवर येणारा डॉक्टर आहे का? आणि तुमच्या स्वतःच्या आईला तुम्ही तिथे न्याल का?