विश्लेषण : रेडिओथेरपीची मात्रा फिल्मवर कशी मोजतात? त्यात घाई का नको?

फ्रान्समधील तुलूझ येथील एका रुग्णालयात एप्रिल २००६ ते एप्रिल २००७ या काळात १४५ रुग्णांना ठरल्यापेक्षा जास्त किरणमात्रा मिळाली. यंत्र बिघडलेले नव्हते. मेंदूतील लहान गाठींसाठी वापरला जाणारा अरुंद किरणझोत ज्या उपकरणाने मोजला, ते त्या झोताच्या मानाने मोठे होते. त्याचा काही भाग झोताबाहेर राहिला, सरासरी कमी आली आणि यंत्र कमी किरणे देते असे गृहीत धरून पुढचा हिशेब मांडला गेला. वर्षभर तसेच उपचार सुरू राहिले. कर्करोग रुग्णालयांच्या जाहिरातींत नव्या यंत्राचे नाव ठळक असते. ते यंत्र मोजले कसे, हे कुणी छापत नाही आणि विचारतही नाही.

फिल्मच कशासाठी?

किरणमात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. ‘आयन चेंबर’ हे उपकरण ती अचूक सांगते, पण एका जागेपुरती. इलेक्ट्रॉनिक मापकांच्या पट्टीवर शेकडो मापक असले तरी दोन मापकांमध्ये काही मिलिमीटरचे अंतर राहते. गाठ संपते आणि मज्जारज्जू सुरू होतो, त्या कडेवर मात्रा काही मिलिमीटरच्या आत झपाट्याने उतरते. ही कड दाखवण्यात फिल्मचा हात धरणारे साधन क्वचितच. हल्लीची ‘रेडिओक्रोमिक’ फिल्म जुन्या एक्स-रे फिल्मसारखी नसते. तिला डार्करूम लागत नाही की रसायने लागत नाहीत. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमधील थरावर किरणे पडली की रेणूंच्या साखळ्या बनतात आणि फिल्म निळी होते. जितकी मात्रा जास्त, तितका रंग गडद.

निळ्या डागाचा आकडा कसा होतो?

इथेच कॅलिब्रेशन येते. त्याच खोक्यातील फिल्मचे लहान तुकडे कापून पाण्याशी समकक्ष प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये ठेवतात आणि प्रत्येकाला वेगळी, आधीच ठाऊक असलेली मात्रा देतात. एक तुकडा कोरा ठेवतात. यंत्र त्या दिवशी नेमकी किती मात्रा देत आहे, हे आयन चेंबरने तपासून घेतात. त्या चेंबरचेही कॅलिब्रेशन झालेले असावे लागते. भारतात त्याचे मूळ मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रमाण प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. मग तुकडे स्कॅनरवर ठेवून लाल रंगाच्या नोंदीवरून काळसरपणा काढतात आणि मात्रा विरुद्ध काळसरपणा असा आलेख आखतात. तो सरळ रेषेत नसतो, वक्र असतो. म्हणून चार-दोन तुकड्यांवर काम भागत नाही आणि आलेखाच्या टोकापलीकडची मात्रा त्यावरून वाचू नये.

वाचायला सोपे, करायला किचकट. किरणे थांबल्यावरही रंग काही तास गडद होत राहतो. त्यामुळे आलेखाची फिल्म दुसऱ्या दिवशी आणि रुग्णाच्या नियोजनाची फिल्म तासाभरात स्कॅन केली, तर आकडा चुकतो. फिल्म आडवी की उभी ठेवली यानेही वाचन बदलते, म्हणून कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर दिशेची खूण करावी लागते. स्कॅनरच्या मध्यभागी आणि कडेला एकच फिल्म वेगळी वाचली जाते. खोके बदलले, स्कॅनर बदलला की आलेख पुन्हा नव्याने. रुग्णाला द्यायची मात्रा ५ टक्क्यांच्या आत अचूक असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग एकक आयोगाने १९७६ मध्येच केली. एवढ्या निष्काळजीपणांपैकी दोन एकत्र आले, तर ही सगळी सवलत फिल्मच खाऊन टाकू शकते.

मग पळवाट कोणती निघते?

वाचन नियोजनाशी जुळले नाही की फिल्मवरचा कमाल आकडा नियोजनातील कमाल आकड्याइतका करून घ्यायचा आणि फक्त आकार ताडून पाहायचा. संगणकावर रंगीत नकाशे एकावर एक छान बसतात आणि चाचणी उत्तीर्ण होते. झोताचा आकार तपासण्यापुरते हे चालते; पण मात्राच १० टक्क्यांनी जास्त असेल, तर ती या पद्धतीत दिसतच नाही. तुलूझसारखी चूक नेमकी इथेच लपून राहील. अर्ध्या कॅलिब्रेशनची फिल्म नसलेल्या फिल्मपेक्षा धोकादायक, कारण ती खोटा दिलासा देते.

वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची अडचणही खरी आहे. यंत्रावर सकाळपासून रात्रीपर्यंत रुग्णांची रांग असते. फिल्मचे काम शेवटचा रुग्ण गेल्यावर सुरू होते, निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो आणि एकदा वापरलेली फिल्म पुन्हा वापरता येत नाही. रोजच्या, मोठ्या क्षेत्रावरच्या उपचारांना इलेक्ट्रॉनिक मापक पुरतात. तिथे फिल्मचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मात्र मेंदू, मणका किंवा फुप्फुसातील लहान गाठीवर मोजक्या बैठकांत मोठी मात्रा देणाऱ्या उपचारांत पुढच्या बैठकीत चूक सावरण्याची संधी फारशी नसते. अशा उपचारांचे ‘पॅकेज’ लावणाऱ्या रुग्णालयाने फिल्मचा खर्च आणि भौतिकशास्त्रज्ञाचे ते तास त्यातच धरले पाहिजेत. आणि फिल्म कोणत्या खोक्यातील, आलेख कोणत्या तारखेचा, मात्रा जुळवून घेतली की थेट मोजली, या तीन नोंदी प्रत्येक तपासणी अहवालात असायला हव्यात.